श्रद्धावाद आणि महाराष्ट्रातील धर्मविचार

श्रद्धावाद : धार्मिक सत्याचे ज्ञान बुद्धीने किंवा तर्काने होऊ शकत नाही, ते श्रद्धेनेच ग्रहण करावे लागते आणि श्रद्धेच्याच आधारावर टिकते, या मताला श्रद्धावाद असे म्हणतात. या मताची सौम्य आणि तीव्र अशी रूपे आढळतात. बुद्धी काही अंतरापर्यंत साधकाची सोबत करते, पुढील वाट मात्र श्रद्धेने चालावी लागते, हे त्याचे सौम्य रूप होय. धर्माच्या क्षेत्रात बुद्धीला मुळीच अधिकार नाही, किंबहुना बुद्धीला जे असंभवनीय वाटते ते स्वीकारण्यातच श्रद्धेची खरी कसोटी आहे, हे त्याचे तीव्र रूप. केवळ धर्मनिष्ठा म्हणजे श्रद्धावाद नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. आपला धर्म बुद्धीने सिद्ध करता येतो असे मानणारे निष्ठावंत सर्व धर्मांत होऊन गेले आहेत. ते श्रद्धाळू असले, तरी श्रद्धावादी नव्हेत.

पाश्चात्त्य विचारात या भूमिकेचा उगम सामान्यतः कार्थेज येथील टर्टुलियन (सु. १६०–२२०) याच्यापर्यंत नेला जातो. अथेन्स आणि जेरूसलेम, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा, यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न त्याने उपस्थित केला होता. ‘विसंगत आहे म्हणूनच मी विश्वास ठेवतो’ अशा अर्थाचे जे वचन त्याच्या नावावर सांगितले जाते, ते त्या शब्दांत त्याच्या लेखनात सापडत नाही. फ्रेंच गणिती व विचारवंत पास्काल (१६२३–६२) आणि डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगॉर (१८१३–५५) यांनी या विचाराला सखोल असे तात्त्विक रूप दिले. रोमन कॅथलिक चर्चने मात्र सेंट टॉमस अक्वायनसची (१२२५–७४) परंपरा अनुसरून श्रद्धावाद नाकारला आहे. ईश्वराचे अस्तित्व मानवी बुद्धीला निसर्गतः ज्ञात होऊ शकते, असे १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने घोषित केले. श्रद्धा हीच धर्माचा एकमेव पाया आहे असे म्हणणे चर्चलाही धोक्याचे वाटले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कारण मग प्रत्येक श्रद्धा दुसरीइतकीच प्रमाण ठरण्याचा प्रसंग येतो.

भारतीय दर्शनांत हाच प्रश्न प्रमाणांच्या भाषेत मांडला गेला. प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या पलीकडील विषयांचे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते? पूर्वमीमांसकांनी वेद अपौरुषेय व स्वतःप्रमाण मानून, धर्माचे ज्ञान केवळ शब्दप्रमाणानेच होते, असे उत्तर दिले. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तर्काला स्थिर प्रतिष्ठा नाही असे म्हटले आहे. त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी, एका तार्किकाने मांडलेला सिद्धांत दुसरा अधिक चतुर तार्किक खोडून काढतो, म्हणून श्रुतीच्या आधाराशिवाय निव्वळ तर्काने ब्रह्मनिर्णय होणे शक्य नाही, असे प्रतिपादन केले. उलटपक्षी उदयनाचार्यांसारख्या नैयायिकांनी ईश्वराचे अस्तित्व अनुमानाने सिद्ध करण्यासाठी न्यायकुसुमांजलि हा ग्रंथ रचला. अर्थात शब्दप्रमाण म्हणजे श्रद्धावाद, असे समीकरण मांडणे योग्य होणार नाही. मीमांसक शब्दाचे प्रामाण्य तर्कानेच सिद्ध करू पाहतात. त्यांची श्रद्धा ही तर्काच्या तटबंदीने वेढलेली श्रद्धा आहे. मात्र या तटबंदीला सामाजिक बाजूही होती. हेतुशास्त्राच्या बळावर श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्याला सज्जनांनी बहिष्कृत करावे, असा दंडक मनुस्मृतीत सांगितला आहे. धर्माच्या आधाराविषयी शंका घेणे ही केवळ बौद्धिक चूक न राहता तो समाजाविरुद्धचा अपराध ठरतो, तो येथे.

महाराष्ट्रात शब्द आणि तर्क या दोहोंहून वेगळा असा तिसरा आधार संतांनी पुढे आणला. तो म्हणजे अनुभव. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात शब्दखंडन या नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. शब्द हा विसरलेल्या वस्तूची आठवण करून देणारा म्हणून थोर असला, तरी स्वयंसिद्ध आत्म्याच्या ठिकाणी त्याचा काहीच उपयोग होत नाही, असे तेथे दाखवले आहे. त्याच ग्रंथात आणखी एक विलक्षण धीट विधान येते. शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले म्हणून आपण हे मत मानतो असे नाही. त्यांनी सांगितले नसते तरी ते असेच राहिले असते, अशा आशयाचे ते विधान आहे. पुढे तुकारामांनी वेदांचा केवळ भार वाहणारे आणि त्यांचा अर्थ जाणणारे यांतील भेद परखडपणे सांगितला. संतांची ही भूमिका बुद्धिवादी मात्र नाही. भाव आणि निष्ठा यांवाचून अनुभव नाही, आणि निव्वळ वितंडाने हाती काही लागत नाही, असेच ते सांगतात. परंतु श्रद्धेची परीक्षा अनुभवाने व आचरणाने करावी, हा त्यांचा आग्रह असल्यामुळे, परंपरेने सांगितले तेवढे मुकाट्याने मानावे, असा श्रद्धावाद त्यांच्या उपदेशातून निघत नाही. एकोणिसाव्या शतकात वादाला तोंड फुटले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक पक्षाला संतवाणीचा आधार घ्यावासा वाटला, याचे कारण या दुहेरीपणात आहे.

वादाला तोंड फोडले ते मिशनऱ्यांनी. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन (१८०४–७५) हे १८२९ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये त्यांचा मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद झाला. दांडेकरांनी त्याच वर्षी हिंदुधर्मस्थापना हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि विल्सन यांनी पुढील वर्षी त्याला उत्तर दिले. त्या काळातील ब्रिटिश मिशनरी हे श्रद्धावादी नव्हते, हे विसरता कामा नये. विल्यम पेलीच्या ग्रंथांवर पोसलेल्या त्या पिढीची अशी खात्री होती की, चमत्कार, भविष्यकथने आणि ऐतिहासिक पुरावे यांच्या बळावर ख्रिस्ती धर्माचे सत्य कोणाही निःपक्षपाती माणसाच्या बुद्धीला पटवून देता येईल. पुराणांतील कथांची चिकित्सा करताना ते कठोर बुद्धिवादी होत. स्वतःच्या शास्त्राकडे वळल्यावर मात्र ती धार बोथट होई. समोरचे पंडितही याच रीतीने वागत. बुद्धी परक्याच्या धर्मासाठी आणि श्रद्धा स्वतःच्या धर्मासाठी, अशी ही विभागणी पुढील दोन पिढ्यांतील बहुतेक वादांत दिसून येते. मुंबईच्या समुद्रकिनारी १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–७१) यांनी जॉर्ज बोएन आदी मिशनऱ्यांशी जे वाद केले, त्यांतही तीच गोष्ट आढळते. सप्तशृंग गडावर तप केल्यावर आपणास ज्ञान लाभले असे सांगणारे विष्णुबुवा समुद्रकिनाऱ्यावर बायबलमधील विसंगती दाखवताना निव्वळ तर्काचाच आश्रय घेत.

या साऱ्या वादांत तात्त्विक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे प्रकरण संस्कृत भाषेत, आणि महाराष्ट्राबाहेर, घडले. कंपनी सरकारचे अधिकारी व संस्कृतज्ञ जॉन म्यूर (१८१०–८२) यांनी १८३९ मध्ये मतपरीक्षा नावाचा संस्कृत पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. खऱ्या धर्माच्या काही कसोट्या बुद्धीने ठरवाव्यात आणि सर्व धर्म त्या कसोट्यांवर घासून पाहावेत, अशी त्याची मांडणी होती. त्यावर तीन हिंदू पंडितांनी उत्तरे लिहिली. त्यांपैकी मतपरीक्षाशिक्षा लिहिणारे सोमनाथ म्हणजे सीहोर येथील सुबाजी बापू हे महाराष्ट्रीय ज्योतिषी होत, असे रिचर्ड फॉक्स यंग यांनी आपल्या संशोधनात दाखवले आहे. कोपर्निकसचे ज्योतिष मराठीत समजावून सांगणारा सिद्धांतशिरोमणिप्रकाश हा ग्रंथ याच सुबाजींचा. खगोलाच्या बाबतीत पुराणांचे मत बाजूला ठेवण्यास तयार असलेला हा विद्वान धर्माच्या बाबतीत मात्र, ज्याचा जो धर्म तोच त्याला हितकर, परक्याने त्याची परीक्षा करू नये, अशी भूमिका घेतो. ग्रहगतीचा प्रश्न गणिताचा आणि मोक्षाचा प्रश्न स्वधर्मनिष्ठेचा, असे दोन कप्पे त्याने केले होते. पुढील काळात सुशिक्षित मराठी मनाला हीच विभागणी सर्वाधिक सोयीची वाटत आलेली दिसते.

दुसरे उत्तर हरचंद्र तर्कपंचानन या बंगाली पंडितांचे. तिसरे, आणि सर्वांत समर्थ, उत्तर नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–९५) यांचे होते. गोरे हे मूळच्या कोकणस्थ घराण्यातील; त्यांचा जन्म झांशीजवळ झाला व शिक्षण काशीस झाले. शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथ त्यांनी १८४४–४५ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या विशीच्या आसपास लिहिला. ख्रिस्ती मतातील अडचणी त्यांनी नेमक्या हेरल्या आहेत. पूर्वकर्म न मानल्यास जन्मतः दुःख भोगणाऱ्या अर्भकांच्या आणि मुक्या प्राण्यांच्या दुःखाची उपपत्ती कशी लावावयाची? अल्पकाळच्या पापाला अनंत नरकवास देणारा ईश्वर न्यायी कसा? तथापि ग्रंथाचा खरा कणा आहे तो या तर्कांच्या आधी येणारा सिद्धांत. गोरे म्हणतात की, धर्माच्या बाबतीत शास्त्र आधी आणि तर्क नंतर. श्रद्धेने शास्त्र स्वीकारल्यावर त्याचा अर्थ लावण्यासाठी तर्काचा उपयोग करावा, शास्त्राला न्यायासनापुढे उभे करण्यासाठी करू नये. म्यूर यांच्या कसोट्यांचा पायाच त्यांना अमान्य होता. मराठी विद्वत्परंपरेत श्रद्धावादाची इतकी निःसंदिग्ध मांडणी दुसरी क्वचितच सापडेल.

आणि याच गोऱ्यांनी १८४८ मध्ये जौनपूर येथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी वाद घालण्याच्या निमित्ताने त्यांनी बायबलचा जो अभ्यास आरंभला, त्याचा शेवट असा झाला. या घटनेचा अर्थ लावताना पुष्कळांनी त्यांना चंचल ठरवले. परंतु त्यांचे पुढील लेखन पाहता तसे म्हणता येत नाही. षड्दर्शन दर्पण (१८६०) या हिंदी ग्रंथात त्यांनी सहाही दर्शनांचे खंडन केले. फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये केलेल्या त्याच्या इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकात हे खंडन ‘बुद्धिनिष्ठ’ असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे तर्काचा अधिकार नाकारणारा तरुण शास्त्री, धर्म बदलताच तर्काच्या बळावर आपल्या जुन्या श्रद्धेची परीक्षा करू लागला. पण त्याची नवी श्रद्धा तरी तर्कावर उभी होती काय? चरित्रकार सी. ई. गार्डनर यांनी दिलेल्या वृत्तांतावरून गोऱ्यांना आयुष्यभर शंकांनी छळले असे दिसते. वय वाढत गेले तसतसे ते चर्चच्या प्राचीन परंपरेच्या अधिकारावर अधिकाधिक भर देऊ लागले. काउली येथील संन्यस्त धर्मसंघात त्यांनी उमेदवारीही केली, अंतिम व्रते मात्र घेतली नाहीत. शास्त्र बदलले, परंतु अधिकृत शब्दापुढे तर्काने नमावे हा विशीतला सिद्धांत त्यांच्या मनातून गेला नाही, असेच म्हणणे सयुक्तिक ठरेल.

गोऱ्यांच्या उत्तरायुष्यातील कार्याचा मोठा भाग पुणे आणि मुंबई येथे पार पडला. तेथे त्यांची गाठ पडली ती प्रार्थना समाजाशी. मुंबईत ३१ मार्च १८६७ रोजी स्थापन झालेल्या या समाजाचे महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) हे वैचारिक आधारस्तंभ होते. १८७० मध्ये पुण्यासही त्याची शाखा निघाली. कोणताही एक ग्रंथ ईश्वरप्रणीत व प्रमादरहित नाही, मूर्तिपूजा व अवतार त्याज्य आहेत, परंतु एक मंगलमय ईश्वर आहे आणि त्याची प्रार्थना हे मानवाचे कर्तव्य आहे, अशी या समाजाची भूमिका होती. ग्रंथप्रामाण्य सोडून दिल्यावर ईश्वरावरील निष्ठा कशावर उभी करावयाची, हा प्रश्न त्यांना अर्थातच टाळता येत नव्हता. रानड्यांनी ‘एकेश्वरनिष्ठांची कैफियत’ या निबंधात आणि पुढे १८९६ च्या भारतीय ईश्वरवादावरील व्याख्यानात त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. सृष्टीतील योजना, इतिहासाची गती आणि मनुष्याची सदसद्विवेकबुद्धी यांतून ईश्वराचा बोध होतो, असे त्यांचे म्हणणे. बिशप बटलरच्या विवेकबुद्धीविषयीच्या विवेचनाची छाप त्यावर आहे. दुसऱ्या बाजूने, हाच बोध तुकारामादी संतांना अनुभवाने झाला होता, असेही त्यांचे प्रतिपादन होते. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी तुकारामांच्या गाथेची चिकित्सित आवृत्ती (१८६९, १८७३) सिद्ध केली, ती याच वातावरणात.

या भूमिकेवर दोन बाजूंनी टीका झाली, आणि गंमत अशी की, दोन्ही टीकांचा रोख एकच होता. गोऱ्यांनी असा आक्षेप घेतला की, पवित्र, दयाळू आणि शून्यातून सृष्टी निर्माण करणाऱ्या एका ईश्वराची ही कल्पना प्रार्थना समाजिस्टांना बुद्धीने सहज स्फुरलेली नाही. ती ख्रिस्ती शिक्षणातून त्यांच्याकडे आली आहे. निव्वळ बुद्धीने ती सापडण्यासारखी असती, तर भारतातील इतक्या सूक्ष्म बुद्धीच्या दार्शनिकांना ती का सापडली नाही? दुसरी बाजू गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांची. मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांत मुरलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या सुधारक पत्रातून धर्माच्या पायालाच हात घातला. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात त्यांनी देवतांच्या कल्पनेचा उगम आदिमानवाच्या भीतीत, अज्ञानात आणि पितरपूजेत शोधला. विश्वाच्या मूळ कारणाविषयी मनुष्याला काही कळणे शक्य नाही, असा त्यांचा अज्ञेयवाद होता. अर्थातच, मूर्ती व ग्रंथ यांना लावलेली चिकित्सा एकाच ईश्वरापाशी येऊन का थांबावी, हे रानड्यांच्या पक्षाला त्यांनी विचारले असल्यास नवल नाही. एक टीकाकार ख्रिस्ती यती आणि दुसरा अज्ञेयवादी. परंतु ईश्वरनिष्ठेला बुद्धीचा आधार पुरत नाही, याविषयी दोघांचे एकमत होते. एकाने त्यातून ईश्वरी प्रकटीकरणाची आवश्यकता सिद्ध केली, दुसऱ्याने निष्ठाच बाजूस सारली.

हा वाद केवळ पंडितांचा विरंगुळा नव्हता. धर्माचे सत्य तर्कातीत मानले की, विधवेचे केशवपन, बालविवाह आणि अस्पृश्यता यांना असलेला शास्त्राधारही तर्कातीत होतो. म्हणूनच सुधारकांना दीर्घकाळ शास्त्राच्या मैदानातच लढावे लागले. विष्णुशास्त्री पंडित यांनी पुनर्विवाहाच्या समर्थनासाठी वचने गोळा केली. १८७० च्या पुण्यातील वादसभेत पंचांचे बहुमत त्यांच्या विरुद्ध गेले. संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी १८९१ मध्ये भांडारकरांसारख्या विद्वानालाही धर्मशास्त्रातील वचनांच्या आधारेच कायद्याचे समर्थन करावे लागले. आगरकरांना ही रीत पसंत नव्हती. जी गोष्ट न्यायाने व अनुभवाने योग्य ठरते तिला शास्त्राची परवानगी मागणे म्हणजे ज्या सत्तेविरुद्ध झगडावयाचे तिलाच न्यायाधीश नेमणे होय, हे त्यांच्या सर्व लेखनामागील सूत्र आहे. त्यासाठी त्यांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली.

जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी या प्रश्नाची मांडणी सर्वस्वी वेगळ्या जागेवरून केली. श्रद्धा की बुद्धी यापेक्षा, कोणाची श्रद्धा आणि ती कोणी लादली, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात निर्मिकावर पूर्ण निष्ठा आहे; पण ज्यात आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे सत्य आहे असा एकही धर्मग्रंथ जगात नाही, हेही तेथे सांगितले आहे. एकाच घरातील पती, पत्नी व मुले यांनी आपापल्या मताप्रमाणे वेगवेगळे धर्म स्वीकारावेत आणि तरीही प्रेमाने एकत्र नांदावे, ही त्यातील कल्पना त्या काळाच्या फार पुढे गेलेली होती. श्रद्धा ही व्यक्तीच्या निवडीची गोष्ट मानली, तरच असे घर संभवते.

ही निवड प्रत्यक्षात किती कठीण असते, हे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आयुष्यात दिसते. आईकडून संस्कृत शिकलेल्या, पुराणे सांगत देशभर फिरलेल्या रमाबाईंची जुनी श्रद्धा दुष्काळात आईवडील व बहीण गमावल्यावर ढासळली. स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयी धर्मशास्त्रे काय म्हणतात हे त्यांनी स्वतः वाचले, आणि त्या वाचनाने उरलासुरला आधारही गेला. काही काळ त्या ब्राह्मो व प्रार्थना समाजाच्या विचारांजवळ होत्या. गोऱ्यांच्या लेखनाचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्मांतराने प्रश्न मिटला नाही. तो अधिक टोकदार झाला. वाँटेज मठातील सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम महाविद्यालयाच्या प्रमुख डॉरोथी बील यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि चर्चचा अधिकार या विषयांवर कसून चर्चा झालेली आहे. जेराल्डिन यांची अपेक्षा होती की, नवदीक्षित व्यक्तीने चर्चची शिकवण विनम्रपणे स्वीकारावी. समज मागाहून येईल. रमाबाईंनी ते साफ नाकारले. पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसरे तसलेच जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, आपल्याला विवेकबुद्धी दिलेली आहे आणि तिचा कौल घेतल्यावाचून आपण काही मानणार नाही, असा त्यांच्या उत्तरांचा आशय आहे. हा पत्रसंग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. धर्मश्रद्धा व बुद्धिस्वातंत्र्य यांच्या संघर्षाचा इतका जिवंत दस्तऐवज एकोणिसाव्या शतकातील दुसऱ्या कोणा मराठी व्यक्तीने मागे ठेवलेला नाही.

पुढील कथा मात्र सरळ बुद्धिस्वातंत्र्याकडे जात नाही. मुंबईत १८८९ मध्ये स्थापन झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आलेले शारदासदन धर्मांतराच्या वादात सापडले. सल्लागार मंडळातून १८९३ मध्ये रानडे व भांडारकर बाहेर पडले. स्वतः रमाबाईंनी पुढे असे लिहिले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला होता, ख्रिस्त मात्र पुष्कळ उशिरा सापडला. केडगाव येथील मुक्तिसदनात १९०५ मध्ये भावोत्कट धार्मिक जागृतीची लाट उसळली, तिच्या केंद्रस्थानी त्याच होत्या. म्हणजे चर्चचा अधिकार बुद्धीच्या नावाने नाकारणारी ही विदुषी अखेरीस अनुभवजन्य श्रद्धेत स्थिरावली. तरीसुद्धा तिची आयुष्याच्या शेवटापर्यंत चाललेली साधना होती ती हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ बायबलचे मराठी भाषांतर करण्याची; शब्द दुसऱ्याच्या तोंडून घ्यावयाचा नाही, हा पहिला हट्ट तिने सोडला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा मार्ग याहून ऋजू होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने तुकारामांच्या भक्तीचाच पूल करून ख्रिस्ताकडे जाता येते, असे मानले. तर्काच्या अडचणी त्याच्या वाटेत फारशा आल्या नाहीत.

लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यातील (१९१५) भक्तिमार्ग या प्रकरणात उभय पक्षांचा समन्वय करण्याचा प्रयत्न केला. उद्या सूर्य उगवेल हे आपण मानतो तेदेखील शेवटी एक प्रकारच्या श्रद्धेनेच, असे सांगून त्यांनी बुद्धिवाद्यांचा गर्व उतरवला. त्याचबरोबर बुद्धीची जोड नसलेली श्रद्धा कोठेही घसरत जाईल, असाही इशारा दिला. हा युक्तिवाद समर्थ असला, तरी त्यात एक दुबळी जागा आहे. सूर्य उगवेल या विश्वासाची परीक्षा रोज पहाटे होते; वर्णभेद ईश्वरनिर्मित आहे या विश्वासाची परीक्षा कोणत्या पहाटे व्हावयाची, याचे उत्तर त्यात मिळत नाही. गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांनी महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावरील १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात साक्षात्काराला बुद्धी आणि भावना यांच्याही पलीकडील स्वतंत्र ज्ञानसाधन म्हणून मान्यता दिली, आणि ज्ञानेश्वरांपासूनचा अनुभवाचा धागा आधुनिक तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत गुंफला. याउलट तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–९४) यांनी हिंदुधर्माची समीक्षा या व्याख्यानमालेत शब्दप्रामाण्याची ऐतिहासिक चिकित्सा केली. प्राज्ञ पाठशाळेत परंपरेने शिकलेल्या शास्त्र्याने ती करावी, यात तिचे वजन आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात हा वाद तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून सार्वजनिक जीवनात उतरला आणि त्याचे शब्दही बदलले. ‘श्रद्धा’ आणि ‘अंधश्रद्धा’ या जोडीभोवती तो फिरू लागला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी ईश्वर व धर्म यांना आपला विरोध नसून, शोषण करणाऱ्या व तपासणीस नकार देणाऱ्या समजुतींना विरोध आहे, अशी भूमिका घेतली. श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांमधील सीमारेषा कोणी आखावयाची, हा प्रतिपक्षाचा प्रश्न होता. तो जुनाच, म्यूर आणि गोरे यांच्या वेळचा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य शासनाने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने नरबळी व इतर अमानुष, अनिष्ट आणि अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम संमत केला. २००५ च्या मूळ विधेयकाच्या नावात अंधश्रद्धा निर्मूलनाचा उल्लेख होता. अंतिम कायद्याच्या नावात तो नाही. कायद्याने कोणत्याही समजुतीला खरी वा खोटी ठरवलेले नाही. त्याच्या अनुसूचीत विशिष्ट कृत्ये नमूद केली असून तेवढीच दंडनीय मानली आहेत. आणि प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांबरोबरच दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन त्यातून स्पष्टपणे वगळले आहे.